आष्टीचा जमाव आणि दंडसंहितेचे १४९ वे कलम

फौजदारी कायद्याचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे. पहिल्याच प्रकरणात जो सिद्धांत भेटतो तो दिसावयास अगदी सोपा असतो. केवळ कृत्याने मनुष्य अपराधी ठरत नाही. कृत्यामागे अपराधी मनही असावे लागते. सात वर्षांखालील मुलाच्या हातून घर पेटले तर तो अपराध नव्हे. वेड्याच्या हातून माणूस मेला तर तो खून नव्हे. लाकूड फोडताना, पुरेशी काळजी घेतली असूनही, कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजाऱ्यास लागले तर ती दुर्दैवाची गोष्ट होय, गुन्ह्याची नव्हे. ह्याच सिद्धांताच्या पोटी दुसरा एक सिद्धांत आहे: ज्याचे कृत्य त्याचा दोष. बापाच्या अपराधासाठी मुलास, किंवा भावाच्या अपराधासाठी भावास फासावर चढवावयाचे नाही. तिसरा असा की, दोष सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो व संशयाचा फायदा आरोपीस द्यावयाचा असतो. ही तीन सूत्रे वकिलीच्या परीक्षेस बसणारा प्रत्येक विद्यार्थी घोकून ठेवतो. परंतु जेव्हा अपराध करणारा एक माणूस नसून जमाव असतो, तेव्हा ह्या तिन्ही सूत्रांना एकाच वेळी ताण बसतो. तो ताण कोठवर सोसावा, ह्या प्रश्नावर वर्धा जिल्ह्यातील आष्टी ह्या गावच्या काही माणसांचे प्राण तीन वर्षे टांगलेले होते. त्या हकीकतीचा विचार राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीने पुष्कळ झाला आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र फारसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम थोडे मागे गेले पाहिजे. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत 'ज्याचे कृत्य त्याचा दोष' हे तत्त्व आजच्या इतके काटेकोर नव्हते. मराठ्यांच्या अमदानीत एखाद्या गावी चोरी झाली, म्हणजे गावचे राखणदार चोराच्या पावलांचा माग काढीत निघत. माग पुढच्या गावाच्या शिवेत शिरला, की तो पुढे चालविण्याची जबाबदारी त्या गावावर येई. आणि जेथे माग खुंटला त्या गावाने चोर तरी हजर करावा, नाहीतर मालाची भरपाई तरी करावी, अशी रीत होती. ह्यात अन्याय होता हे उघड आहे, कारण निरपराध कुणब्यासही वर्गणी द्यावी लागे. पण त्यात व्यवहाराचे शहाणपणही होते: गाव जबाबदार असे, म्हणून गाव जागे असे. शिवाय ही जबाबदारी पैशापुरती होती. गावाच्या वतीने कोणाचे डोके घेण्याची ती रीत नव्हती.

इंग्रजी अमलाने ही रीत मोडून व्यक्तीच्या दोषाचे तत्त्व आणले. मेकॉलेच्या मंडळाने १८३७ साली तयार केलेला दंडसंहितेचा मसुदा तेवीस वर्षे दप्तरात पडून राहिला. शेवटी ६ ऑक्टोबर १८६० रोजी त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. योगायोग असा की त्याच १८६२ साली नागपुरापासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. जिल्हा आणि दंडसंहिता ही एकाच वर्षाची भावंडे म्हणावयास हरकत नाही. दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाली व तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जिल्हा अर्थातच आहे.

परंतु दंडसंहिता रचणाऱ्यांसही जमावाचा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. दहा जणांनी मिळून एकास मारले आणि शेवटचा घाव कोणाचा हे कळले नाही, तर दहाही जणांस सोडावे काय? ह्या अडचणीवर त्यांनी दोन तोडगे काढले. पहिला ३४ व्या कलमाचा. अनेकांनी समान हेतूने एक कृत्य केले, तर ते प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखे समजावयाचे. येथे अगोदरची मसलत, निदान त्या क्षणी तरी मनांचा मेळ, दिसावा लागतो. दुसरा तोडगा १४९ व्या कलमाचा, आणि तो अधिक कठोर आहे. पाच किंवा अधिक माणसे काही ठराविक बेकायदेशीर उद्देशाने जमली, म्हणजे तो बेकायदेशीर जमाव झाला. अशा जमावातील कोणीही समान उद्देश सिद्धीस नेण्यासाठी एखादा अपराध केला, किंवा तो उद्देश साधताना घडण्याचा संभव आहे हे जमावातील लोकांस ठाऊक होते असा अपराध केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक माणूस त्या अपराधाचा धनी. त्याने स्वतः हात उचलला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. वरील वाक्यातील 'त्या वेळी जमावात असलेला' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

एवढे सांगितल्यावर आष्टीकडे वळू.

आष्टी हे आर्वीच्या बाजूचे, जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे गाव. जहांगीर बादशहाच्या काळातील महंमदखान नियाझी ह्या सरदाराच्या कबरी तेथे आहेत, एवढ्यावरून त्याचा जुनेपणा समजावा. त्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. आणि वर्धा येथेच १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेसच्या कार्यकारी समितीने इंग्रजांनी हिंदुस्थानातून निघून जावे असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईस तो ठराव कायम झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सर्व पुढारी पकडले गेले. चळवळ कशी चालवावी हे सांगणारे कोणी बाहेर उरले नाही. ह्या गोष्टीचा कायद्याशी फारच जवळचा संबंध आहे, कारण जमावाचा 'समान उद्देश' काय होता हे ठरविताना, तो कोणी ठरविला व कोणास सांगितला, हे विचारावे लागते; आणि येथे तर उद्देश ज्यांनी ठरवावयाचा ते सगळेच तुरुंगात होते.

१६ ऑगस्ट १९४२, रविवार, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी आष्टीचे व आसपासच्या खेड्यांतील लोक पोलीस ठाण्यावर तिरंगी झेंडा लावण्यासाठी मोर्चा घेऊन गेले. ठाण्यापाशी संघर्ष झाला, गोळ्या सुटल्या व गावकरी ठार झाले. जमावाच्या हातून ठाण्याचा फौजदार व त्याचे काही शिपाई मारले गेले आणि ठाण्यास आग लागली. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथेही असाच प्रकार होऊन प्रांताधिकारी व नायब तहसीलदार ह्यांच्यासह काही सरकारी नोकर प्राणास मुकले. दोन्ही गावे एकमेकांपासून दूर, दोन्ही खटले वेगळे. तरी 'चिमूर-आष्टी' असा जोडशब्द त्या दिवसापासून रूढ झाला तो आजतागायत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आष्टीच्या हुतात्म्यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो व ते योग्यच आहे. परंतु ठाण्यात मारले गेलेले शिपाई हेही ह्याच देशाचे, पोटासाठी सरकारी पोशाख चढविलेले लोक होते, आणि त्यांच्याही घरी त्या नागपंचमीस कोणीतरी वाट पाहत असेल. ज्यास कायद्याचा विचार करावयाचा आहे त्याने हे विसरून चालणार नाही. माणसे मारली गेली होती. चौकशी व शिक्षा ह्यांचा प्रश्न उपस्थित होणारच होता. वाद असलाच तर तो कोणास, कोणत्या पुराव्यावर आणि किती शिक्षा, ह्याविषयी होता.

आता १४९ वे कलम हाती घेऊन त्या जमावाकडे पाहू. पहिला प्रश्न: हा जमाव बेकायदेशीर केव्हा झाला? झेंडा घेऊन रस्त्याने चालणे हा काही बेकायदेशीर उद्देश नव्हे. पण बळाच्या धाकाने सरकारी नोकरास दडपणे, किंवा दुसऱ्याच्या ताब्यातील इमारतीत जबरीने शिरणे, हे १४१ व्या कलमाखाली येते. शिवाय त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, जमतेवेळी कायदेशीर असलेला जमाव मागाहून बेकायदेशीर होऊ शकतो. म्हणजे घरून निघताना निर्दोष असलेला मनुष्य ठाण्याच्या फाटकापाशी, स्वतः काही न करता, केवळ भोवतालच्या लोकांचा बेत पालटल्यामुळे, अपराधी जमावाचा घटक होऊ शकतो. ह्यावर कायद्याचे उत्तर असे की, जमाव बेकायदेशीर झाला हे कळल्यावर जो तेथे थांबतो तोच त्याचा सभासद. जो निघून जातो तो नव्हे. उत्तर न्याय्य आहे खरे. पण हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्यास पुढे काय चालले आहे हे कळावे कसे, आणि कळले तरी रेटारेटीतून बाहेर पडावे कसे, हे ते उत्तर सांगत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. झेंडा लावणे हा जमावाचा समान उद्देश होता असे धरले, तर खून हा त्या उद्देशाच्या सिद्धीसाठी झाला काय? झेंडा लावण्यास फौजदाराचा प्राण घेणे अवश्य नव्हते. तेव्हा फिर्यादी पक्षास कलमाच्या दुसऱ्या शाखेवर जावे लागते: खून घडण्याचा संभव आहे हे त्या लोकांस माहीत होते. 'माहीत होते' ह्या दोन शब्दांत सगळे आले. कधी माहीत होते? घरून निघताना? गोळीबारापूर्वी? की डोळ्यांदेखत आपली माणसे पडल्यावर, जमाव खवळल्यानंतर? पहिल्या दोन्ही वेळी होते असे म्हणणे धाडसाचे होईल. तिसऱ्या वेळी होते असे म्हटले, तर त्यानंतर जमावात कोण राहिले व कोण पळाले हे प्रत्येकाच्या बाबतीत निराळे सिद्ध केले पाहिजे. गोळीबार सुरू झाल्यावर बहुतेक माणसे पळतात. मागे राहिलेल्या व पळालेल्या माणसांतील भेद कोणी पाहिला? पाहणारे म्हणजे ठाण्यातून जीव वाचवून निसटलेले शिपाई, किंवा गावातील असे लोक की ज्यांस साक्ष देण्याचे काही कारण होते. पहिला साक्षीदार भयाने गोंधळलेला व दुसरा गावच्या भाऊबंदकीत अडकलेला. आमच्या खेड्यांतील जुनी वैरे फौजदारी खटल्यांत कशी उगवतात हे ज्यांनी जिल्हा कचेरीच्या आवारात चार दिवस काढले आहेत त्यांस सांगावयास नको.

तिसरा प्रश्न आत्मसंरक्षणाचा. दंडसंहितेने प्रत्येकास स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क दिला आहे, आणि मृत्यूचे भय असल्यास प्रतिपक्षाचा प्राण घेण्यापर्यंत तो हक्क जातो. पण सद्भावनेने, आपल्या अधिकाराच्या नात्याने वागणाऱ्या सरकारी नोकराविरुद्ध तो हक्क ९९ व्या कलमाने आखडून टाकला आहे. अर्थात त्याच्या कृत्याने मृत्यूचे किंवा जबर दुखापतीचे वाजवी भय उत्पन्न होत असेल तर ही आडकाठी उरत नाही. तसेच अचानक व तीव्र क्षोभाने झालेला वध हा खून न ठरता त्याहून कमी दर्जाचा अपराध ठरतो. परंतु सरकारी नोकराने अधिकाराचा कायदेशीर वापर केल्यामुळे आलेला क्षोभ त्यात धरत नाहीत. म्हणजे सगळे येऊन एका प्रश्नावर ठेपते: ठाण्याचा गोळीबार कायदेशीर होता काय? फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे ठाणे-अंमलदारास जमाव पांगण्याचा हुकूम देण्याचा व न पांगल्यास बळ वापरण्याचा अधिकार होता. तो अधिकार हुकूम दिल्यावर व जरुरीपुरताच वापरावयाचा असतो. म्हणून आष्टीच्या खटल्यातील कळीचा मुद्दा जमावाच्या वर्तनाइतकाच पोलिसांच्या वर्तनाचाही होता. पण पोलिसांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी करण्याची तयारी त्या वेळच्या सरकारने दाखविली नाही.

चिमूरच्या बाबतीत हे फारच ठळकपणे दिसून आले. तेथे मागाहून आलेल्या सैनिकांनी व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी ह्यांनी ११ नोव्हेंबर १९४२ रोजी उपोषण आरंभिले, ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत चालले. उपोषणाच्या बातम्या छापण्यास सरकारने बंदी केली, तेव्हा त्याचा निषेध म्हणून वर्तमानपत्रांनी एक दिवस आपले अंक बंद ठेवले. कायद्याच्या इतिहासात ह्या उपोषणाची नोंद सहसा होत नाही. वस्तुतः ती झाली पाहिजे. जमाव पांगविण्यासाठी केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर सरकारच्या संमतीवाचून खटला भरता येत नसे. ज्याची तक्रार करावयाची त्याच्याच धन्याची परवानगी लागते, अशा स्थितीत एका निःशस्त्र अध्यापकाने आपले पोट हेच फिर्यादीचे कागद केले.

सरकारने ह्याच सुमारास आणखी एक हत्यार उपसले, ते सामुदायिक दंडाचे. १९४२ सालच्या एका वटहुकुमान्वये ज्या भागात दंगे झाले तेथील रहिवाशांवर मिळून दंड बसविता येत असे. मजा पाहा: मराठेशाहीतील 'गावाने भरपाई करावी' ही रीत रानटी म्हणून जिने टाकून दिली, त्याच राजवटीने आठ दशकांनंतर ती उचलून पुन्हा वापरली, फक्त जुन्या रीतीत चोर हजर केल्यास गावाची सुटका होत असे, ती सवलत नव्या रीतीत नव्हती.

जमावाच्या हातून पोलीस मारले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. १९२२ च्या फेब्रुवारीत संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे ठाणे जाळले गेले व वीसांहून अधिक पोलीस मेले. तेथे सत्र न्यायाधीशाने एकशेबहात्तर जणांस फाशीची शिक्षा ठोठावली. हा आकडा वाचून आजही अंगावर काटा येतो. परंतु अपील अलाहाबादच्या हायकोर्टापुढे गेले, आणि १९२३ च्या एप्रिलात त्या कोर्टाने पुरावा पुन्हा चाळून फाशी एकोणीस जणांपुरतीच कायम ठेवली. एकशेबहात्तर आणि एकोणीस ह्यांतील जे एकशेत्रेपन्न प्राण, ते १४९ व्या कलमाने वाचविले नाहीत; अपिलाच्या हक्काने वाचविले. आपल्याकडे सोलापुरास १९३० च्या मे महिन्यात दोन पोलीस मारले गेले, व त्याबद्दल मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. तो घाव महाराष्ट्र विसरलेला नव्हता. म्हणूनच आष्टीच्या शिक्षा जाहीर झाल्या तेव्हा पुढे काय होणार हे लोकांस निराळे सांगावे लागले नाही.

आष्टी व चिमूर येथील आरोपींचे खटले नेहमीच्या सत्र न्यायालयांत न चालता खास न्यायालयांत चालले. १९४२ च्या जानेवारीत, जपानी स्वारीच्या भीतीने, व्हाइसरॉयने काढलेल्या दुसऱ्या वटहुकुमान्वये ही न्यायालये स्थापन झाली होती. तेथे ज्यूरी नाही, असेसर नाहीत, साक्षी संक्षेपाने टिपून घ्यावयाच्या, आणि हायकोर्टाकडे अपील नाही. मोठ्या शिक्षांचे कागद सरकारने नेमलेल्या एका हायकोर्ट न्यायाधीशाने नजरेखालून घालावयाचे एवढेच. कोणता खटला ह्या न्यायालयात जावा व कोणता नेहमीच्या, हे ठरविणे सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. आमच्या मते खरा अन्याय येथे आहे. १४९ वे कलम धारदार आहे. पण धारदार शस्त्र सावकाश वापरावे लागते. ज्या खटल्यात माणसागणिक, मिनिटागणिक पुरावा तोलावयाचा, त्याच खटल्यास घाईची न्यायपद्धती लावणे म्हणजे शस्त्रवैद्याच्या हाती सुरी देऊन दिवा मालविण्यासारखे होय. त्यात भर अशी की त्या काळच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने खुनास फाशी हीच सामान्य शिक्षा मानली होती. फाशी का दिली हे न्यायाधीशास सांगावे लागत नसे, फाशी का दिली नाही ह्याचे कारण मात्र लिहावे लागे. हा नियम १९५५ साली निघाला, आणि १९७३ च्या कायद्याने तर उलट फाशीसच खास कारणे देण्याचे बंधन घातले.

ह्यानंतरचा कायदेशीर झगडा विलक्षण आहे. कलकत्त्याच्या एका प्रकरणात फेडरल कोर्टाने ४ जून १९४३ रोजी बहुमताने निर्णय दिला की, खटले निवडण्याचा अनिर्बंध अधिकार अधिकाऱ्यांस देणारी ही खास न्यायालये अवैध आहेत. देशभर ज्यांस ह्या न्यायालयांनी शिक्षा दिल्या होत्या त्यांच्या घरी त्या दिवशी दिवे लागले असतील. पण दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, व्हाइसरॉयने नवा वटहुकूम काढला. खास न्यायालये रद्द. मात्र त्यांनी दिलेल्या शिक्षा नेहमीच्या न्यायालयांनी दिल्यासारख्या समजाव्या, आणि त्यांवर अपील करता यावे. ज्या न्यायालयास न्याय देण्याचा अधिकार नव्हता त्याचा निवाडा मागाहून लेखणीच्या एका फटकाऱ्याने अधिकृत झाला. हा नवा वटहुकूमही न्यायालयात तपासला गेला, व फेडरल कोर्टाने तो मान्य केला; परंतु त्याच निकालात त्या न्यायाधीशांनी एक महत्त्वाची गोष्ट म्हटली की, फाशीच्या कैद्यास कायद्याच्या वादात फार काळ मृत्यूच्या छायेत राहावे लागले असेल, तर केवळ त्या विलंबासाठीही शिक्षा कमी करण्याचा आपणांस अधिकार आहे. पुढे १९४४ च्या अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मूळचा निर्णयच फिरवून, पहिली खास न्यायालयेदेखील वैधच होती असे ठरविले. ह्या सर्व वादंगात आष्टीच्या कोणा शेतकऱ्याने ठाण्यापाशी नक्की काय केले, हा प्रश्न कोठल्या कोठे राहिला हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

त्याच प्रिव्ही कौन्सिलपुढे १९४५ च्या जानेवारीत सिंधू नदीच्या काठच्या एका खुनाचे प्रकरण आले, ते येथे सांगण्याजोगे आहे. बोरू तोडण्यावरून झालेल्या भांडणात दोघांनी बंदुका झाडल्या, एक माणूस मेला, आणि महबूब शाह ह्यास ३४ व्या कलमाखाली फाशीची शिक्षा झाली. पण मारणारी गोळी त्याची नव्हती. प्रिव्ही कौन्सिलने ती शिक्षा रद्द केली. दोघांच्या मनात सारखाच हेतू असणे निराळे आणि दोघांचा मिळून एक हेतू असणे निराळे, असे त्या निकालाचे सार आहे. वीस वर्षांपूर्वी, १९२४ साली, ह्याच न्यायासनाने कलकत्त्याच्या एका पोस्टमास्तरच्या खुनात, मी नुसता बाहेर उभा होतो, असे म्हणणाऱ्या आरोपीची शिक्षा कायम केली होती. दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध नाहीत; पण दोहोंतील अंतर इतके अरुंद आहे की त्यात एका माणसाचा जीव कसाबसा मावतो.

ह्या अंतराची सूक्ष्म चिकित्सा पुढे स्वतंत्र भारतात ज्यांनी केली त्यांत व्हिव्हियन बोस हे नाव आमच्या प्रांतास अभिमानाचे आहे. वर्धा जिल्हा ज्या नागपूर हायकोर्टाच्या अधिकारक्षेत्रात होता त्याचे ते न्यायाधीश होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या डिसेंबरात हैदराबाद राज्यातील पांडुरंग नामक आरोपीच्या अपिलात त्यांनी समान हेतू व सारखा हेतू ह्यांमधील पडदा पातळ असला तरी खरा आहे, आणि तो झाकून टाकल्यास न्याय बुडतो, ह्या आशयाचे विवेचन केले. १९५२ साली पश्चिम बंगालच्या खास न्यायालयांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने समतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरविला, त्या पीठावरही बोस होते. तेथेही दोष तोच होता: कोणताही खटला मर्जीप्रमाणे उचलून खास न्यायालयात टाकण्याची सरकारास मुभा. १९४३ साली फेडरल कोर्टाने जे म्हटले व प्रिव्ही कौन्सिलने जे पुसले, ते संविधानाच्या आधाराने पुन्हा लिहिले गेले.

१४९ व्या कलमाच्या पुराव्याविषयीही न्यायालये हळूहळू सावध झाली. न्या. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना, १९६४ साली, मसल्ती ह्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलमाची कठोरता सैल केली नाही. प्रत्येक आरोपीने काही केलेच पाहिजे असे नव्हे, हे त्याने स्पष्ट सांगितले. पण त्याबरोबरच, मोठ्या जमावाने केलेल्या अपराधात एखाद्या आरोपीविरुद्ध दोन-तीन किंवा अधिक साक्षीदार एकच हकीकत सांगत असतील तरच शिक्षा कायम ठेवण्याची कसोटी वापरणे सुरक्षित, हेही मान्य केले. साक्षीदार मोजून न्याय करणे तर्कशास्त्रास पटण्यासारखे नाही. तरी गर्दीत उभ्या राहिलेल्या गरीब माणसास तर्कशास्त्रापेक्षा अशा ओबडधोबड कुंपणाचाच आधार अधिक मिळतो. नव्या न्याय संहितेत हे कलम १९० क्रमांकाखाली आले आहे. आशय तोच आहे.

राहिली आष्टी-चिमूरच्या कैद्यांची गोष्ट. त्यांच्या सुटकेसाठी नागपुरास अनसूयाबाई काळे ह्यांनी अविश्रांत खटपट केली. तुरुंगातून सुटून आलेल्या गांधीजींनीही १९४५ साली ह्या माणसांस फाशी देऊ नये म्हणून आपला शब्द खर्ची घातला. सेवाग्रामच्या त्या वृद्ध पुरुषास ठाण्यातील हत्या मान्य असणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दास वजन होते. अपिले, अर्ज, दयेच्या विनंत्या असे करता करता तीन वर्षे गेली, युद्ध संपले, आणि १९४५ च्या ऑगस्टात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांनी उरलेल्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा बदलून जन्मठेप काळ्या पाण्याच्या केल्या. त्या वेळी अंदमान बेटे जपानच्या ताब्यात होती; १९४२ च्या मार्चात गेलेली ती बेटे इंग्रजांस परत मिळाली ती १९४५ च्या ऑक्टोबरात. तेव्हा काळ्या पाण्याची शिक्षा झालेले ते कैदी समुद्र न पाहताच हिंदुस्थानातील तुरुंगात राहिले.